स्वर्गातली टाळी

मामा पेढा खात नाहीत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. एफवायचा निकाल लागला तेव्हा सदाशिव पेठेतून पाव किलो पेढे घेऊन मी रविवारी धायरीला गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजचा निकाल ही गोष्ट पहिल्यांदाच घडत होती, त्यामुळे तो कोणाला नेऊन दाखवायचा हेच मला उमगत नव्हतं. आई-वडील तिकडे बुलढाण्याच्या बाजूला, आणि त्यांना निरोप द्यायचा तर गावातल्या किराणा दुकानात फोन लावावा लागे. मामांनी पेढा घेतला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पेढा रुमालात गुंडाळून खिशात टाकला. मला वाटलं, साखरेचा त्रास असेल.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. धायरीच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत त्यांना सगळेच मामा म्हणत. ते पगारी पाळक नव्हते. चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर होते, म्हणजे तयार झालेले नग मोजून पास-नापास करण्याचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी धायरीत पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. पूर्वी तो गोठा होता. पावसाळ्यात भिंतींना अजून शेणाचा वास यायचा. तिथे रविवारी सकाळी तीस-पस्तीस माणसं उपासनेला जमत.

आमच्या गावाजवळ मिशनचा दवाखाना होता आणि आजोबा तिथे बागकाम करायचे. आमच्या घरात प्रार्थना आली ती तिथून. पुण्यात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला तेव्हा आईने एकच गोष्ट बजावली होती, की रविवार चुकवू नको. कॉट बेसिसवर राहणारा, इंग्रजीला घाबरणारा, वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा मी. स्वारगेटहून बस पकडून धायरीला उतरलो की मात्र मला मोकळं वाटायचं. तिथे माझ्या वऱ्हाडी बोलण्याला कोणी हसत नसे. मामा सोडून. एकदा मला उशीर झाला आणि मी एसटीडी बूथवरून "येऊन राहिलो, मामा" असं म्हणालो, तर पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "म्हणजे निघालास, की पोचलास, की तिथेच राहिलास?"

मंडळीत एक काकू होत्या. त्या धायरीच्याच, शेतकरी घरातल्या. मोठ्या आजारातून उठल्यावर विश्वासात आल्या होत्या. त्यांचे मालक मात्र कधी आत आले नाहीत. अकरा वर्षं, दर रविवारी, ते काकूंना लूनावरून आणून दारात सोडायचे आणि उपासना संपेपर्यंत समोरच्या चिंचेखाली दगडावर बसून राहायचे. तंबाखू मळत. उपासना सुरू व्हायच्या आधी मामा दोन कप चहा घेऊन बाहेर जात आणि त्यांच्याशेजारी दहा मिनिटं बसत. बोलणं कांद्याचं, पावसाचं, कोणाचा प्लॉट कोणत्या बिल्डरला गेला त्याचं. मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, की काका, तुम्ही आत का येत नाही? ते म्हणाले, "आत आलो तर गाडीपाशी कोण थांबंल?" आणि स्वतःच हसले. त्या लूनाला हात लावायला चोरही धजला नसता, इतकी ती जुनी होती. एकदा संध्याकाळी माझी शेवटची बस चुकली, तर तीच लूना दामटत त्यांनी मला स्वारगेटपर्यंत आणून सोडलं. वाटेत तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा त्यांनी मलाच माफ कर म्हटलं.

मी तिसऱ्या वर्षाला असताना दिवाळीनंतर काका गेले. झोपेतच गेले. त्यांच्या भावकीने त्यांच्या पद्धतीने सगळं केलं. आम्ही मंडळीतले लोक एका बाजूला उभे होतो.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं. ते लिहायचं म्हणूनच हे सगळं मांडतोय, आणि तरी टाळत आलोय.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्यापैकी एखाद्या तरुणाने पाठ तयार करून वाचायचा, अशी मामांनी पद्धत घातली होती. प्रश्न ते स्वतः चिठ्ठीवर लिहून देत. फेब्रुवारीत माझी पाळी आली. आमच्यात एक जुनं गीत म्हटलं जायचं. त्याच्या चौथ्या कडव्यात शेवटच्या न्यायाचं वर्णन होतं: दुष्टांचा निवाडा होतो आणि तारण झालेले, म्हणजे देवाने वाचवलेले लोक स्वर्गात जयघोष करतात. त्या कडव्याला सगळे उभे राहून टाळ्या वाजवत. माझ्या चिठ्ठीवरचा प्रश्न त्याबद्दलच होता. हरवलेल्यांचा, म्हणजे विश्वासात न आलेल्यांचा, न्याय होताना पाहून तारण झालेल्यांना आनंद होईल का? खाली कंसात लिहिलं होतं, दोन पानं पुरेत.

मी चार पानं लिहिली. विद्यापीठाच्या पेपरात दहा मार्कांचा प्रश्न लिहितात तशी. प्रस्तावना, मुद्दे, निष्कर्ष, खाली पट्टीने ओढलेल्या रेघा. माझं उत्तर 'होय' असं होतं. देवाचा न्याय चुकीचा असू शकत नाही, म्हणून त्याचा आनंद होणंही चुकीचं नाही. स्वर्गात आपलं मन देवाच्या मनासारखं होईल, म्हणून आज ज्यांच्यासाठी वाईट वाटतं त्यांच्यासाठी तेव्हा वाटणार नाही. गल्लीतल्या गुंडाला पोलिसांनी धरलं की गल्लीला बरं वाटतंच ना, असं उदाहरण दिलं. आणि शेवटी, मला फार आवडलेलं एक वाक्य. काही माणसं आयुष्यभर दारापर्यंत येतात, दार उघडं असतं, तरी बाहेरच बसून राहतात. त्यांच्यासाठी कोणाला दोष द्यायचा?

ते वाक्य मला सहज सुचलं होतं. सहज का सुचलं, हे वाचताना कळलं. मी 'बाहेरच बसून राहतात' असं म्हणालो आणि कागदावरून नजर उचलली. उघड्या दारातून चिंच दिसत होती. खालचा दगड दिसत होता. आणि पहिल्या रांगेत चटईवर काकू बसल्या होत्या.

मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. निष्कर्ष वाचला. काही जणांनी 'आमेन' म्हटलं. मग ते गीत झालं, चौथं कडवं झालं, टाळ्या झाल्या. काकू उठल्या, पदर सारखा केला आणि कोणाशी न बोलता चालत निघून गेल्या. आता त्यांना न्यायला कोणी नव्हतं.

पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत.

त्यातल्या पहिल्या रविवारी बसस्टॉपपर्यंत मामा माझ्याबरोबर चालत आले. त्यांनी माझा पाठ मागून घेतला होता. फाट्यावर उसाच्या गुऱ्हाळापाशी थांबून त्यांनी तो घडी उघडून पुन्हा वाचला आणि मला परत दिला. पेन्सिलीने एका ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं होतं.

"पेपर चांगला आहे," ते म्हणाले. "दहापैकी आठ देईन. दोन कापले, कारण प्रश्न कोणासमोर सोडवतोय हे तू पाहिलं नाहीस."

मी म्हणालो, मामा, मला खरंच लक्षात आलं नाही. ते म्हणाले, ते मला दिसलं, तुझा चेहरा नंतर चुन्यासारखा झाला होता. आणि मग, मी अजून मान खाली घालून उभा असताना, त्यांनी जे म्हटलं ते मी कधी विसरणार नाही. "प्रश्न मी दिला होता. दिवाळीनंतर माणूस गेला, आणि फेब्रुवारीत मी हा प्रश्न दिला. माझे दहापैकी किती, ते तू सांग."

मोठी माणसं आपल्यासमोर अशी चूक कबूल करतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे वडीलधाऱ्याचं चुकलं तर घरात तो विषय बंद होतो. कॉलेजात सरांचं चुकलं तर फळा पुसला जातो. बस आली.

दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर ते मला घेऊन काकूंकडे गेले. काकूंचं घर जुन्या गावठाणात. शेत भावकीने विकलं होतं आणि मागच्या बाजूला सात मजली इमारतीचे खांब उभे राहत होते. दारात ती लूना होती, खताच्या रिकाम्या पोत्याने झाकलेली. काकूंनी आम्हाला बसायला पोतं अंथरलं, चहा ठेवला, माझ्या आईची चौकशी केली. मी बसमध्ये वाक्यं पाठ केली होती. ती सगळी विसरलो आणि एवढंच म्हणालो, "काकू, माझं चुकलं."

"तू कशाला चुकशील?" त्या म्हणाल्या. "शिकलेला हायेस. शास्त्र वाचून लिवलंस. खरंच आसंल ते."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी ते खरं मानलं होतं. माझी चार पानं, पट्टीने रेघा ओढलेली, त्यांनी खरी मानली होती.

त्यांनी चहा गाळला, कपबश्या आमच्यापुढे सरकवल्या आणि मामांकडे वळल्या. आवाज शांत होता. "मामा, येक इचारते. मी गेल्यावर तिथं जाणार, आणि ह्यांचा न्याय हुताना बघणार. आन त्याला म्या टाळ्या वाजवायच्या. आसंच हाय ना? मग मला न्हाई यायचं तिकडं. मी आपली भाईरच थांबते. अकरा वर्सं ते माझ्यासाठी थांबले. आता माझी पाळी."

मागच्या इमारतीवर कोणीतरी सळई कापत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. मला वाटलं, मामा आता काहीतरी समजूत घालतील. देव दयाळू आहे, काकांच्या मनात शेवटच्या क्षणी काय आलं कोणाला माहीत, असं काहीतरी. लोक असंच म्हणतात आणि ते म्हणण्यात वाईट काही नाही. मामांनी तसं म्हटलं नाही. ते म्हणाले, तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो, मी ती घरीसुद्धा कोणाला सांगितलेली नाही.

बाजार खुला झाला त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. कारखान्यात परदेशी मशिनं आली. चाळीस माणसांचं काम सहा जण करू लागले. एका सोमवारी गेटवरच्या बोर्डावर यादी लागली, कोण राहणार त्यांची. मामांचं नाव होतं. त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं काम केलेल्या माणसाचं नव्हतं. त्याचं काम कुठेच कमी नव्हतं. तो फक्त त्या मशिनच्या आड आला होता. ज्यांची नावं होती त्यांच्यातल्या एकाने जाऊन पेढ्यांचा बॉक्स आणला आणि गेटवरच वाटायला सुरुवात केली. माणसं आठवडाभर झोपली नव्हती, त्यांना आनंद होणारच. मामांनीही पेढा घेतला. तोंडात टाकला आणि समोर पाहिलं, तर तो माणूस फुटपाथवर बसून डब्याच्या पिशवीची गाठ बांधत होता. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "अभिनंदन, साहेब." त्यात टोमणा नव्हता. मनापासून म्हणाला.

"आणि माझ्या तोंडात पेढा," मामा म्हणाले. "थुंकताही येईना."

काकूंनी विचारलं, "गोड व्हता का?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, हा प्रश्न त्यांना कोणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. "होता," ते म्हणाले. "तेच तर. खूप गोड होता."

मग ते अधिक हळू बोलू लागले. मी त्यांचं बोलणं आठवेल तसं लिहितोय. ते म्हणाले, त्या यादीत आणि देवाच्या न्यायात फरक आहे, एवढं मला कळतं. ती यादी अन्यायाची होती आणि देवाचा न्याय तसा नसणार. मी तीस वर्षं नग पास-नापास केले. नापास करावेच लागतात, नाहीतर रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीचा ब्रेक निकामी होतो. म्हणून न्याय नकोच, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्यावर जुलूम झाला त्यांनी न्यायासाठी हाका मारल्या, तर त्या हाका खऱ्याच आहेत. पण नापास नगावर लाल रंग मारताना शीळ घालणारा इन्स्पेक्टर मी माझ्या खात्यात ठेवला नसता. आणि देव माझ्यापेक्षा वाईट इन्स्पेक्टर असेल, असं मला वाटत नाही.

"तुमच्या मालकांचं काय होईल, मला माहीत नाही," ते म्हणाले. "माहीत आहे असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण तिथे टाळ्या वाजल्याच, तर माझा हात उठणार नाही. आणि त्यासाठी देव मला बाहेर काढेल, असंही मला वाटत नाही. न्याय करणारा प्रभूच नाश होणाऱ्या शहराकडे पाहून आधी रडलाय, हे आपण दर वर्षी शास्त्रात वाचतो की."

काकूंनी पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही. कपबश्या उचलल्या. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "ते तुमच्या च्याची लई तारीफ करायचे. म्हणायचे, आतल्या लोकांत एक माणूस हाय ज्याला च्या करता येतो." मामा हसले. रविवारी येते असं काकू म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात एका आयटी कंपनीची यादी लागली. सत्तर मुलांतून नऊ नावं. इंग्रजीला घाबरणाऱ्या मागच्या बाकाचं, म्हणजे माझं, नाव त्यात होतं. माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राचं नव्हतं, आणि गेले सहा महिने मला इंटरव्ह्यूची इंग्रजी उत्तरं तोच शिकवत होता. बोर्डापुढे मुलं एकमेकांना उचलत होती. कोणीतरी माझ्या खांद्यावर थाप मारून पेढ्यांचं काय म्हणून विचारलं. मला आनंद झाला नव्हता असं मी म्हणणार नाही. इतका झाला होता की मी ते नाव तीनदा वाचलं. वडिलांच्या दोन वर्षांच्या कमाईइतका पगार सहा महिन्यांत मिळणार होता. पण मित्र बोर्डापासून जरा बाजूला उभा राहून बॅगेची चेन लावत होता, आणि मला मामांचा फुटपाथ दिसला. मी गेलो आणि त्याच्याबरोबर चालत खोलीवर आलो. तोच शेवटी म्हणाला, "घरी फोन कर ना, येड्या." मी केला. किराणा दुकानदाराने आईला बोलवायला पोरगा पाठवला, आणि ती येईपर्यंत मी रिसीव्हर धरून उभा होतो. मित्रही बाहेर उभा होता.

रविवारी मी लवकर गेलो. मामांना सांगितलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि मी पेढे आणले नाहीत हे पाहून काही म्हणाले नाहीत. बाहेर पाहिलं तर चिंचेखाली काकू होत्या. चालत आल्या होत्या. त्याच दगडावर बसल्या होत्या, चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या, आणि आत येण्याची काही चिन्हं दिसत नव्हती.

मामांनी नेहमीसारखे दोन कप भरले आणि बाहेर गेले. दहा मिनिटं बसले. काय बोलले मला ऐकू आलं नाही. एकदा काकू हसल्या एवढं दिसलं. मग ते आत आले आणि गीतांचं पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे बाहेर ने. आणि तूही तिथेच बस."

मी बसलो. काकू सरकल्या. खोलीचं दार उघडंच होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. प्रार्थना झाली, वाचन झालं, मग ते जुनं गीत सुरू झालं. काकू पहिली तीन कडवी म्हणाल्या, त्यांना ती पाठ होती. चौथं आलं तशा गप्प झाल्या. आत सगळे उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. आम्ही दोघं मांडीवर हात ठेवून बसलो. दारातून मला मामा दिसत होते. ते उभे होते, पण चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते. अगदी सावकाश, कडवं संपेपर्यंत. आणि मला आठवलं, की गेली तीन वर्षं दर वेळी या कडव्याला त्यांचा चष्मा खराब झालेला असतो. मी ते पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं.

काकूंनीही पाहिलं. ऊन फिरून दगडावर येत होतं.

"चल," त्या म्हणाल्या आणि चपलांत पाय सरकवले. "आत जाऊ. हिथं ऊन लागाया लागलं."

आम्ही आत गेलो. पहिल्या रांगेत चटईवरची त्यांची जागा कोणी घेतली नव्हती.